छपराचं शिसं

"देव कुठे नेले मग?" आईने विचारलं.

उत्तर यॉर्कशायरमधल्या राय नदीच्या अरुंद खोऱ्यात, रीव्हो नावाच्या जुन्या मठाच्या अवशेषांत आम्ही दोघी उभ्या होतो. ऑक्टोबरचा गार वारा, आईच्या साडीवर माझा जुना जाडा कोट, पायात स्पोर्ट्स शूज. समोर कमानींचे तीन मजले एकावर एक चढत गेलेले आणि त्यांच्यावर थेट ढग. फरशीच्या जागी नीट कापलेलं गवत. पलीकडच्या उतारावर मेंढ्या. आईने चष्मा वर-खाली करत माहितीफलक वाचायचा प्रयत्न केला, मग तो नाद सोडला आणि सरळ मुद्द्यावर आली. देऊळ मोडलंय हे तिला दिसत होतं. मोडलं म्हणजे त्याआधी देव हलवले असणार, हे तिने धरूनच चाललं होतं.

आमचं कुलदैवत मंगेश. गोव्यात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, १५६० साली, कुशस्थळीहून पालखीत घालून, झुआरी ओलांडून, प्रियोळला आणलेला. आमच्या घरात ही गोष्ट इतकी जवळची करून सांगतात की लहानपणी मला वाटायचं, पणजोबाच पालखीला खांदा देत होते. त्यामुळे देऊळ पाडलं ही आईच्या लेखी अर्धीच बातमी. देव कुणी उचलले, कुठल्या वाटेने नेले, आता कुठे आहेत, ही उरलेली अर्धी.

इंग्लंडात या उरलेल्या अर्ध्याचं उत्तर फार वाईट आहे. या देशातली सगळ्यांत नावाजलेली मूर्ती म्हणजे नॉरफोकमधल्या वॉल्सिंगहॅमची मेरी. राजेराण्या तिच्या दर्शनाला जायच्या, हेन्री आठवा स्वतः तरुणपणी जाऊन आला होता. त्याच हेन्रीच्या राज्यात, १५३८ च्या उन्हाळ्यात, ती मूर्ती आणि तिच्यासारख्या आणखी काही लंडनला आणल्या आणि चेल्सीला जाळल्या. कँटरबरीला संत थॉमस बेकेटची समाधी होती, सोन्याने आणि रत्नांनी मढवलेली. त्याच वर्षी ती फोडून आतलं सोनं-नाणं गाड्यांत भरून राजाच्या खजिन्यात नेलं.

"लंडनला नेले आणि जाळले," मी सांगितलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग वर बघून म्हणाली, "आणि छप्पर?"

छपराचं काय झालं ते दाखवता येण्यासारखं होतं. फाटकाजवळ छोटं संग्रहालय आहे, तिथे एका कोपऱ्यात शिशाची लगड ठेवलीय. ओबडधोबड, काळपट राखाडी, दोघातिघांनाही हलणार नाही अशी. तिच्यावर राजमुकुटाचा शिक्का मारलाय. मठाच्या छपरावरचा शिशाचा पत्रा आणि खिडक्यांतलं शिसं उतरवून इथेच वितळवलं आणि अशा लगडी ओतल्या. त्यांतल्या काही न्यायच्या राहून गेल्या, वरून भिंत कोसळली आणि जवळपास चारशे वर्षं त्या दगडांखाली पडून राहिल्या. १९२० च्या दशकात खणताना सापडल्या.

मी त्या लगडीसमोर नको इतका वेळ उभी राहिले. धर्मसुधारणेवर, म्हणजे सोळाव्या शतकात पोपविरुद्ध उठलेल्या चळवळीवर, मी थोडंफार वाचलं होतं; तिचा जर्मन पुढारी ल्यूथर, दारावर लावलेले प्रबंध, पोपची आज्ञापत्रं, सगळं कागदावरचं. इथे मात्र देवाघरचं छप्पर वितळवून त्यावर सरकारी शिक्का मारला होता. पुढचं सगळं मला या शिक्क्यावरून कळत गेलं.

*

हेन्री आठवा म्हटलं की सहा बायका, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून तो भाग पटकन उरकते. पहिली राणी कॅथरीन, स्पेनची. मुलगा नाही, एकच मुलगी, मेरी. राजाला लग्न रद्द करून हवं होतं, ॲन बोलीनशी करायचं होतं. पोपने अशी प्रकरणं राजांसाठी एरवी सांभाळून घेतलीही असती. पण १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं होतं, पोप त्याच्या मुठीत होता आणि चार्ल्स हा कॅथरीनचा सख्खा भाचा. निकाल लागणार नव्हता. शेवटी १५३३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की इंग्लंडच्या खटल्यांचं अपील रोमला जाणार नाही आणि १५३४ मध्ये राजाला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवलं.

गंमत म्हणजे हा माणूस ल्यूथरचा कट्टर विरोधक. १५२१ मध्ये त्याने ल्यूथरच्या विरोधात ग्रंथ लिहिला म्हणून खूश होऊन पोपने त्याला 'धर्मरक्षक' अशी पदवी दिली होती. पुढे पोपशी फाटलं तरी पदवी त्याने सोडली नाही. १५४४ मध्ये पार्लमेंटकडून ती नव्याने करून घेतली. ती आजतागायत चालू आहे. संग्रहालयाला लागून चहाची खोली आहे, तिथे सुट्या पैशांत आलेलं नाणं मी आईला दाखवलं. राजाच्या डोक्याभोवती बारीक अक्षरं असतात, त्यात शेवटी एफ आणि डी.

"एफडी?" आई म्हणाली. "किती टक्के देतात?"

फिदेई डेफेन्सोर, धर्माचा रक्षक, असं मी समजावून सांगितलं खरं, पण गाडी चालवताना तिचाच अर्थ जास्त बरोबर वाटायला लागला.

कारण पदवीनंतर पहिलं मोठं काम झालं ते मोजणीचं. १५३५ मध्ये राजाचे कमिशनर देशभर फिरले आणि चर्चच्या प्रत्येक जागेच्या उत्पन्नाची नोंद केली: शेतं, गिरण्या, कुरणं, भाडी, दानपेटी. या दप्तराला 'व्हॅलॉर एक्लेसिअ‍ॅस्टिकस' म्हणतात, म्हणजे चर्चची किंमत. आपल्याकडे इनामांची चौकशी सुरू झाली की गावाला पोटात गोळा का येतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आधी मोजणी, मग खालसा. याच सुमाराला दुसरे अधिकारी मठामठांत जाऊन साधूंच्या चारित्र्याचे अहवाल लिहीत होते, आणि त्यांना जे शोधायला पाठवलं होतं ते त्यांना भरपूर सापडलं. यांतलं काहीच खरं नव्हतं असं नाही. पण १५३६ चा कायदा वाचला की पाप मोजायची पट्टी कळते: ज्या मठांचं वार्षिक उत्पन्न २०० पौंडांच्या खाली, ते बंद. म्हणजे दुराचार २०० पौंडांच्या खालीच होत असावा. चार वर्षांत वरचेही गेले. सुमारे ८०० मठ आणि आश्रम होते. मार्च १५४० मध्ये लंडनजवळचं वॉल्थम ॲबी सही करून मोकळं झालं आणि यादी संपली.

'सही करून' हे शब्द महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी तलवार उपसावी लागली नाही. मठाधिपतीने स्वेच्छेने मठ राजाच्या स्वाधीन केल्याचा दस्त व्हायचा आणि त्याला पेन्शन बांधून मिळायची, साधूंनाही कमी-जास्त. ज्यांनी कुरकुर केली त्यांच्यासाठी ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीचं उदाहरण होतं. नोव्हेंबर १५३९ मध्ये रिचर्ड व्हाइटिंगला गावाबाहेरच्या टेकडीवर, सगळ्या पंचक्रोशीला दिसेल असं फाशी दिलं. सगळ्यांत हाल झाले ते नन्सचे. त्यांची पेन्शन जेमतेम पोटापुरती, आणि १५३९ च्या कायद्याने ब्रह्मचर्याचं व्रत मात्र कायम. घर काढून घेतलं, संसार करायची मुभा दिली नाही. राजाला धर्माची नेमकी कुठली बाजू हवी होती, हे असं बारकाव्यात दिसतं.

*

रीव्होपासून दक्षिणेला, रॉदरहॅमच्या बाजूला, रोश नावाचा मठ होता. तो १५३८ च्या जूनमध्ये गेला. त्या दिवसांची हकीकत मायकल शेरब्रुक नावाच्या एका गावच्या धर्मगुरूने पुढे काही दशकांनी लिहून ठेवली, आणि या सगळ्या प्रकरणात मला तिच्याइतकं खरं काही वाटत नाही.

त्यात अशी वर्णनं आहेत: साधूंच्या खोल्यांची दारं विकायला काढलेली, भिंतींतले लोखंडी आकडेसुद्धा उपटून नेलेले, छपराचं शिसं वितळवायला जळण म्हणून गर्भागारातली बाकं, जिथे बसून साधू प्रार्थना म्हणत, ती फोडून पेटवलेली. प्रार्थनेची पोथ्या-पुस्तकं लोकांनी नेली आणि बैलगाडीच्या फाटक्या छताला ठिगळं लावायला वापरली. लोक कुठले? त्याच गावांतले. चार दिवसांपूर्वीपर्यंत तिथेच प्रार्थनेला येणारे.

शेरब्रुकच्या वडिलांनी त्या लिलावात देवळाचं लाकूड विकत घेतलं होतं. मुलाने पुढे त्यांना विचारलं, तुमचं त्या साधूंबद्दल मत काय होतं? वडील म्हणाले, चांगलंच होतं, वाईट असायला काही कारण नव्हतं. मग मोडायला तुम्ही कसे धावलात? त्यावर वडिलांचं उत्तर साधारण असं: मी काय करणार होतो? इतरांना मिळतंय तर त्या लुटीतला चार पैशांचा फायदा मला का नको? सगळंच जाणार हे मला दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी केलं ते मीही केलं.

हे उत्तर वाचल्यापासून मी जवळच्या अनेक गोष्टींना ते लावून पाहिलंय. त्यांत इथे शिरत नाही.

लोक उठले नाहीत असंही नाही. १५३६ च्या ऑक्टोबरात लिंकनशायरमधल्या लाउथ गावात बातमी पसरली की आता गावच्या चर्चची चांदीची भांडी न्यायला माणसं येणार. तिथून भडका उडाला तो यॉर्कशायरभर. रॉबर्ट आस्क नावाचा वकील पुढारी झाला. हजारो माणसं, ख्रिस्ताच्या पाच जखमांचं चिन्ह असलेलं निशाण, आणि नाव 'पिलग्रिमेज ऑफ ग्रेस'. बंडाला बंड न म्हणता वारी म्हणायची ही त्यांची चतुराई मला फार आवडते. डॉनकास्टरजवळ राजाच्या फौजेसमोर ते उभे राहिले तेव्हा संख्येने कितीतरी जास्त होते. लढले असते तर काय झालं असतं कोण जाणे. पण ते राजाकडे दाद मागायला निघाले होते. राजाने माफीचा शब्द दिला, आस्कला नाताळासाठी दरबारात बोलावून गोड बोलला, आणि नव्या वर्षात दुसरीकडे एक छोटा उठाव होताच त्या निमित्ताने शब्द मोडला. जुलै १५३७ मध्ये आस्कला यॉर्कमध्ये साखळदंडांत लटकवलं. त्याने चौकशीत सांगितलेलं एक वाक्य नोंदलेलं आहे: मठ म्हणजे या राज्याच्या सौंदर्यांपैकी एक होते. खटल्यात मुद्दे मांडायची सवय असलेल्या वकिलाने सौंदर्याचा मुद्दा काढावा, याचं मला अजून नवल वाटतं.

*

मठांच्या जमिनी सांभाळायला राजाने नवीन खातंच काढलं, त्याचं नाव 'कोर्ट ऑफ ऑग्मेंटेशन्स', म्हणजे वाढीव उत्पन्नाचं कोर्ट. इतकं सरळ नाव सरकारी खात्याला सहसा मिळत नाही. राजाने या जमिनी धरून ठेवल्या असत्या तर त्याला पार्लमेंटपुढे कधी पैशासाठी हात पसरावा लागला नसता, आणि इंग्लंडचा पुढचा इतिहास कदाचित फ्रान्ससारखा झाला असता. पण १५४० च्या दशकात त्याला फ्रान्स आणि स्कॉटलंडशी लढायची हौस आली. युद्धाला रोकड लागते. जमीन विकायला काढली. ठरलेला भाव म्हणजे वीस वर्षांच्या उत्पन्नाइतकी रक्कम, म्हणजे भिकेच्या भावाने वाटल्या हा समज खरा नाही. दरबारातल्या मर्जीतल्यांना बक्षीस मिळाल्या त्या वेगळ्या. रीव्हो मिळालं रटलंडच्या अर्लला. विल्टशायरमधलं लाँगलीट जॉन थिनने १५४१ मध्ये ५३ पौंडांना घेतलं. त्याच्या वंशजांचा वाडा आज तिथे आहे आणि बागेत सिंह बघायला तिकीट लागतं. वोबर्न ॲबी रसेल घराण्याकडे गेलं ते अजून त्यांच्याकडेच. दलाल, वकील, लोकर व्यापारी, शेजारचे सधन शेतकरी, सगळ्यांची नावं, आपल्या भाषेत सांगायचं तर, सातबाऱ्यावर चढली.

आणखी एक गोष्ट गुपचूप घडली. वरिष्ठ सभागृहात तोवर बिशप आणि मोठे मठाधिपती मिळून धर्मगुरूंचं पारडं जड असायचं. मठच नाहीत तर मठाधिपती कुठले? त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि सभागृहात सरदारांचं बहुमत झालं ते कायमचं. यासाठी वेगळा ठराव करावा लागला नाही.

दरम्यान, राजाचा धर्म कुठला, हे विचारायची सोय नव्हती. १५३९ मध्ये इंग्रजीतलं मोठं बायबल छापून निघालं, गावोगावच्या चर्चमध्ये ठेवायला. त्याच्या मुखपृष्ठाचं चित्र एकदा शोधून मोठं करून बघा. मध्ये सिंहासनावर ऐसपैस हेन्री, दोन्ही हातांनी ग्रंथ वाटतोय, एका बाजूने बिशपांना, एका बाजूने सरदारांना. खाली गर्दी राजाचा जयजयकार करतेय, तोंडातून शब्द निघालेले दाखवलेत. देव आहे, पण अगदी वर, राजाच्या डोक्यावर, ढगांत दाटीवाटीने बसवलेला, जागा उरली म्हणून घेतल्यासारखा. आणि चारच वर्षांत, १५४३ मध्ये, कायदा झाला की हे बायबल साध्यासुध्या बायकांनी, कारागिरांनी, उमेदवारांनी, शेतकऱ्यांनी, मजुरांनी वाचायचं नाही. आपापल्या भाषेत ग्रंथ मिळाला की लोक आपापला अर्थ काढतात, हे आळंदी-पैठणला जे कळलं होतं ते लंडनलाही लवकरच कळलं.

त्यातही ३० जुलै १५४० या दिवसाची मला फार आठवण येते. मठ मोडायचं सगळं काम ज्याने केलं त्या थॉमस क्रॉमवेलचं डोकं दोनच दिवसांपूर्वी उडवलं होतं. या दिवशी लंडनच्या स्मिथफिल्डला सहा धर्मगुरूंना मारलं. तिघे कॅथलिक, राजाला चर्चप्रमुख मानत नाहीत म्हणून फाशी. तिघे सुधारणावादी, पाखंडी म्हणून जिवंत जाळले. टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगापासून वधस्तंभापर्यंत त्यांना फरपटत नेलं ते जोडीजोडीने, एकाच ताट्यावर एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. वाटेत ते एकमेकांशी काही बोलले असतील का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

*

खरी परीक्षा पुढे झाली. हेन्री १५४७ मध्ये गेला, त्याचा मुलगा एडवर्ड सहा वर्षांनी गेला, आणि १५५३ मध्ये कॅथरीनची मुलगी मेरी गादीवर आली. कडवी कॅथलिक, आईचा अपमान उराशी धरून बसलेली. तिला सगळं होतं तसं करायचं होतं. पार्लमेंट तयार होतं. प्रार्थना लॅटिनमध्ये परत आणायला तयार, पोपला मानायला तयार, पाखंड्यांना जाळायचे जुने कायदे परत आणायला तयार; पुढे सुमारे २८० माणसं जाळलीही. एका गोष्टीला मात्र कुणीच तयार नव्हतं. जमिनी.

पोपचा प्रतिनिधी म्हणून कार्डिनल पोल इंग्लंडला यायचा होता. हा स्वतः इंग्रज राजघराण्यातला. याच्या म्हाताऱ्या आईला हेन्रीने १५४१ मध्ये मारलं होतं. पण त्यालाही युरोपात ताटकळत ठेवलं, कारण मठांच्या जमिनी आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहतील, अशी पोपकडून आधी हमी हवी होती. हमी आली, तेव्हा पोल आला. ३० नोव्हेंबर १५५४ ला पार्लमेंटचे सभासद गुडघ्यांवर बसले, त्याने त्यांच्या पापांची क्षमा केली आणि इंग्लंड पुन्हा रोमचं झालं. पाठोपाठच्या कायद्यात जमिनींची मालकी पक्की करून घेतली. पाप धुतलं गेलं, पापातून मिळालेलं राहिलं. पोलला हा सौदा मनातून पटला नव्हता. मेरीने आपल्यापुरतं केलं: राजाकडे उरलेलं चर्चचं उत्पन्न सोडलं, १५५६ मध्ये वेस्टमिन्स्टरला पुन्हा साधू बसवले. बाकी जागच्या जागी.

या सगळ्यात मला अँथनी ब्राउन, व्हायकाउंट माँटेग्यू, हा माणूस विसरता येत नाही. निष्ठावंत कॅथलिक. १५५५ मध्ये मेरीने रोमला वकिलात पाठवली त्यात हा होता. पुढे १५५९ मध्ये मेरीनंतर गादीवर आलेल्या एलिझाबेथने पुन्हा रोमशी नातं तोडलं, तेव्हा वरिष्ठ सभागृहात उघड विरोधात बोलायची हिंमत याने दाखवली. ढोंगी नव्हता. आणि राहायला कुठे? त्याच्या घरांपैकी एक होतं बॅटल ॲबी, हेस्टिंग्जची लढाई झाली त्या जागेवरचा मठ, जो हेन्रीने १५३८ मध्ये त्याच्या वडिलांना दिला होता. पोपसाठी भांडून हा माणूस घरी यायचा ते हाकलून दिलेल्या साधूंच्या घरी.

मला वाटतं, इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं ते या घरांमुळे. श्रद्धा दोनदा परत फिरली. खरेदीखत एकदाही फिरलं नाही. एलिझाबेथने १५५९ मध्ये 'सर्वोच्च प्रमुख' हा शब्द सोडून 'सर्वोच्च गव्हर्नर' घेतला, पुरुषांना आणि पाद्र्यांना जरा कमी बोचावं म्हणून, आणि ज्यांच्या पायाखाली मठाची जमीन होती त्यांनी सुस्कारा सोडला. प्रवचनं कितीही झाली असती तरी हे काम इतकं पक्कं झालं नसतं. माझं हे मत थोडं कोरडं वाटेल. आगीत उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्या माणसांना जमिनीशी काही देणंघेणं नव्हतं, हेही तितकंच खरं.

ज्याने मेरीसारखी तडजोड केली नाही त्याचं काय झालं हेही पाहायला मिळतं. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, जर्मनीत सम्राट दुसरा फर्डिनांड जिंकत आला होता. मार्च १६२९ मध्ये त्याने फर्मान काढलं: १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांनी घेतलेली चर्चची सगळी मालमत्ता परत करा. धर्माच्या दृष्टीने पाहिलं तर त्याची बाजू सरळ होती. पण पंचाहत्तर वर्षांत त्या जमिनींवर तीन पिढ्या बसल्या होत्या. जे प्रॉटेस्टंट राजे गप्प बसले होते तेही खवळले, आणि सम्राटाची ताकद फार वाढतेय म्हणून कॅथलिक राजेसुद्धा धास्तावले. १६३० मध्ये स्वीडनचा गुस्ताव अडॉल्फ फौज घेऊन उतरला. १६३१ मध्ये माग्देबुर्ग शहर सम्राटाच्या फौजेने जाळलं, सुमारे २०,००० माणसं मेली. सहा वर्षांत फर्मान गुंडाळावं लागलं. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात शेवटी ठरलं की चर्चची मालमत्ता १ जानेवारी १६२४ ला ज्याच्याकडे होती त्याच्याकडे राहील. देव कुणाचा खरा, या प्रश्नावर एवढी वर्षं लढून युरोपने एक तारीख नक्की केली.

*

परतीच्या वाटेवर आई खिडकीतून मेंढ्या बघत होती. मध्येच म्हणाली, "आपल्याकडेही तेव्हाच की गं."

तेव्हाच. १५४० मध्ये इकडे वॉल्थमची सही झाली, त्याच सुमाराला गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं पाडली गेली, आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न पोर्तुगिजांनी नव्या धर्मशिक्षणाच्या संस्थेकडे वळवलं. तीच पुढे सेंट पॉल कॉलेज झाली. इंग्लंडचा राजा पोपशी भांडून देवाची जमीन खालसा करत होता आणि पोर्तुगालचा राजा पोपच्या आशीर्वादाने. पुजाऱ्याचं पोट, देवळाचं तेल-वात, वाजंत्री, उत्सव, सगळं ज्या जमिनीवर चालायचं ती गेली. देव पालखीत घालून नेता आले. शेत कसं नेणार?

"म्हणूनच मंगेश नदीपलीकडे गेला," आई म्हणाली. "तिकडे आदिलशाही होती. त्याने जागा दिली."

तिला हे मला सांगायचं होतं की स्वतःला, कळलं नाही. मी गाडी चालवत होते.

दुसऱ्या दिवशी यॉर्क मिन्स्टरला, तिथल्या मोठ्या चर्चला, गेलो. उत्तरेच्या बाजूला 'फाइव्ह सिस्टर्स' म्हणून पाच उंच चिंचोळ्या खिडक्या आहेत, सोळा मीटर उंचीच्या, तेराव्या शतकातल्या. त्यांत चित्रं नाहीत. राखाडी-हिरवट काचेचे लाखभर तुकडे, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. पहिल्या महायुद्धात काचा काढून ठेवल्या होत्या, परत बसवताना जुनं शिसं पार गेलेलं. नवं हवं होतं. नेमकं तेव्हा रीव्होला दगडांखालच्या लगडी सापडल्या, आणि ते शिसं इथे आलं. १९२५ मध्ये ही खिडकी युद्धात गेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून पुन्हा उघडली.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती मान मागे टाकून बघत राहिली. काचेतून उजेड येत होता तो पावसाळी दुपारसारखा, रंग नसलेला. पट्ट्या इतक्या बारीक की खालून दिसतच नव्हत्या.

"म्हणजे राजाला सगळं नाही मिळालं," ती म्हणाली.

बाजूला मेणबत्त्यांचा स्टँड होता. १५३८ मध्ये क्रॉमवेलच्या हुकमाने मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायला बंदी झाली होती. आता इथे ओळीने लावतात. आईला एक लावायची होती. तिने पर्समधून कालचं ते नाणं काढलं. पण पेटीवर कार्ड टेकवायचं यंत्र बसवलेलं, मी कार्ड टेकवलं, ते टुक् वाजलं. आईने मेणबत्ती लावली, चपला कुठे काढायच्या म्हणून एकदा इकडेतिकडे पाहिलं, मग स्पोर्ट्स शूजसकट हात जोडले. एफडीवालं नाणं परत पर्समध्ये गेलं. भाचा नाणी जमवतो, त्याला नेते म्हणाली.